आठ जणांतून चार

चार विवाहित जोडपी एका खोलीत बसली आहेत. त्यांतून चार व्यक्ती यादृच्छिक पद्धतीने निवडल्या, तर निवडलेल्यांत एकही जोडपं पूर्ण नसण्याची संभाव्यता काढा. हे गणित मी नाशिक रोडच्या एका ज्युनिअर कॉलेजात सव्वीस वर्षं फळ्यावर लिहितो आहे. ही जोडपी त्या खोलीत का बसली आहेत, चौघांना निवडून कुठं नेणार, उरलेल्या चौघांनी मागं काय करायचं, हे पुस्तक सांगत नाही आणि मुलंही विचारत नाहीत. पूर्वी मी यावर एखादा विनोद करायचो. आता करत नाही. फळा पुसतो, तारीख लिहितो आणि जोडप्यांना खोलीत बसवतो.

आठ माणसांतून चार निवडायचे सत्तर मार्ग आहेत, इथपर्यंत बहुतेक जण नीट येतात. पुढं दरवर्षी तीच चूक. एकही जोडपं पूर्ण नको, म्हणजे प्रत्येकातून एकेक जण घ्यायचा. चार जोडपी, चार माणसं, म्हणजे एकच मार्ग. उत्तर सत्तरात एक. एवढं लिहून मुलं पेन खाली ठेवतात. मग मी म्हणतो, बाळांनो, एक जण घेतलात, पण कोण? नवरा की बायको? प्रत्येक जोडप्यापाशी हा प्रश्न आहे आणि प्रत्येक वेळी त्याची दोन उत्तरं आहेत. दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन, सोळा. सत्तरात सोळा. मागच्या बाकांवरून 'हां' असा समजल्याचा आवाज येतो आणि परीक्षेत पुन्हा सत्तरात एक. या एका चुकीपायी मी किती पोरांचे मार्क कापले असतील, त्याला गणती नाही.

आमच्या संस्थेत खरोखरच चार जोडपी आहेत. प्राथमिक, माध्यमिक आणि ज्युनिअर कॉलेज एकाच आवारात, त्यामुळं नवरा इकडं आणि बायको तिकडं असा प्रकार. माझी बायको प्राथमिकला शिकवते, सकाळी सात ते बारा. माझं कॉलेज साडेबारा ते साडेपाच. लोकांना वाटतं, काय मजा आहे यांची, एका गाडीवर जात असतील, एका डब्यातलं खात असतील. आम्ही गेली तीन वर्षं दिवसा फक्त दारात भेटतो. ती आत येते आणि मी बाहेर पडतो. मधली पाच मिनिटं गोळी दिली, आंघोळ झाली, गॅस बंद आहे, किल्ली टेबलावर, एवढ्यात जातात. कारण घरात अण्णा आहेत. अण्णा म्हणजे माझे सासरे, आणि त्यांना एकटं ठेवता येत नाही.

अण्णा इथल्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झाले. पस्तीस वर्षं रोज आत जाताना आणि बाहेर पडताना गेटवर अंगझडती. आता डॉक्टर ज्याला स्मृतिभ्रंश म्हणतात त्यात त्यांचं बाकी सगळं वाहून गेलं, पण ती झडती राहिली. सदरा घालायला जवळ गेलं की ते मान ताठ करून दोन्ही हात खांद्याच्या रेषेत वर धरतात आणि वाट बघत उभे राहतात. सासूबाई गेल्यावर बायको त्यांना आमच्याकडं घेऊन आली. एकुलती एक मुलगी, दुसरं कोण आणणार? दोनदा ते घराबाहेर पडले. एकदा जेल रोडला सापडले, एकदा स्टेशनवर, येणाऱ्याजाणाऱ्याला कामाच्या पाळीची वेळ विचारत. सांभाळायला दोन बाया ठेवून पाहिल्या. एक महिन्यात गेली, दुसरी आठ दिवसांत.

मला अण्णा 'साहेब' म्हणतात. त्यांच्या कुठल्यातरी खात्याचा मी साहेब असणार. साहेबांनी सांगितलं की जेवतात, साहेबांनी सांगितलं की आडवे होतात. याचा मला सुरुवातीला जरा अभिमानच होता. सकाळचे पाच तास माझे आणि दुपारचे तिचे, अशी वाटणी. आणि मनातल्या मनात माझा हिशेब असा की अवघड भाग माझ्याकडं. अंथरूण बदलणं, आंघोळ, दाढी, शौच, सगळं सकाळचं. दुपारी नुसतं जेवायला वाढायचं आणि बसायचं. संध्याकाळी मी घरी येतो तेव्हा सगळं जागच्या जागी असतं. जेवले का विचारलं की ती म्हणते, जेवले.

मी थकलो होतो, हे आडपडदा न ठेवता लिहितो. झोप मिळाली असती तर गेला असता असा तो थकवा नव्हता. कुणीतरी सतत आपल्या नावाची हाक मारणार या अपेक्षेनं कान टवकारलेले राहतात, त्याचा होता. वर्गातही मी अर्धं लक्ष खिशातल्या फोनकडं ठेवूनच शिकवत असे. लोकांनी 'सासऱ्यांचं करता, पुण्य आहे' म्हटलं की माझं डोकं फिरतं. पुण्य कुणाला हवंय, मला एक दुपार हवी होती.

अशात निवडणूक आली. ती आली की शाळाशाळांमधून मतदानाच्या ड्युटीसाठी नावं जातात, तिकडं संगणक त्यांची सरमिसळ करतो (हा सरकारी शब्द, मला फार आवडतो) आणि मग आदेश येतात. आदेश आला की मास्तर लोकांना एकाएकी सगळे आजार आठवतात. कुणाचा मणका सरकतो, कुणाच्या भाच्याचं लग्न त्याच दिवशी निघतं. रद्द करून घेण्यासाठी जी धावपळ चालते ती पाहिली की मतदानापेक्षा तीच जास्त उत्साहाची वाटते.

स्टाफरूममध्ये रसायनशास्त्राचे सर म्हणाले, दरवेळी निम्म्यांना येतात, म्हणजे आपल्या जोडप्यांतल्या आठांपैकी चार तरी जाणार. ते स्वतः त्या आठांतले, त्यामुळं चेहरा पडलेला. मी हातातल्या उत्तरपत्रिकेच्या पाठीमागं गणित मांडलं. सत्तरपैकी पंधरा मार्गांत आमची दोघांचीही नावं येतात, पंधरांत दोघांचीही नाहीत, आणि उरलेल्या चाळिसांत दोघांपैकी एकाचं येतं. म्हणजे एकच जण जाण्याची शक्यता सगळ्यांत जास्त. मला बरं वाटलं. पुढं लगेच लक्षात आलं की त्या चाळिसांत वीस माझे आहेत आणि वीस तिचे, आणि मला माझे वीस हवे आहेत.

ही गोष्ट मी तेव्हा कुणाला सांगितली नाही. सगळे जण देवाला साकडं घालत होते की आपलं नाव येऊ नये, आणि मी मनात म्हणत होतो, येऊ दे बाबा. दोन दिवस. आदल्या दिवशी साहित्य घ्यायचं, बसनं कुठल्यातरी डोंगरातल्या गावी जायचं, शाळेच्या फरशीवर सतरंजी टाकून पडायचं. तिथं फोनला रेंज नसते अशी लोक तक्रार करतात. मला त्या एका गोष्टीचाच लोभ सुटला होता.

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. आदेश दोघांनाही आले. सव्वाबाराला दारात ती म्हणाली, माझा आलाय. दुपारी कॉलेजच्या क्लार्कनं माझा हातात ठेवला. अशा वेळी आमच्याकडं एक रिवाज आहे. जोडप्यातल्या दोघांनाही आदेश आले आणि घरात आजारी माणूस असलं, तर दोघांनी मिळून निवडणूक कार्यालयात जायचं, एकच अर्ज द्यायचा, आणि एकाचा आदेश रद्द करून घ्यायचा. कुणाचा, ते घरी ठरवून यायचं. आता आम्ही दोघांनी मिळून जायचं कसं? मिळून कुठंही जाता येत नाही म्हणून तर अर्ज. संध्याकाळी मी म्हणालो, मी बघतो, तू काळजी करू नकोस. ती भाजी चिरत होती, म्हणाली, बघू. एवढंच बोलणं झालं. सव्वीस वर्षं पोरांना 'पण कोण?' विचारणाऱ्या माणसानं घरात तो प्रश्न विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी स्कूटरनं कार्यालयात गेलो. अर्ज मोठा छान लिहिला होता. पत्नीचे वडील आजारी असून मुलीच्या हाताची त्यांना सवय आहे, सबब पत्नीचा आदेश रद्द व्हावा, मी राष्ट्रीय कर्तव्य पार पाडण्यास तयार आहे. राष्ट्रीय कर्तव्य हा शब्द लिहिताना मला थोडी लाज वाटली होती, पण ताकाला जायचं तर भांडं लपवावं लागतंच.

टेबलामागचा क्लार्क माझ्याहून थकलेला दिसत होता. त्यानं दोन्ही आदेशांचे नंबर पाहिले, गठ्ठा चाळला आणि एक कागद काढून माझ्या कागदाशेजारी ठेवला. अक्षर बायकोचं. तिच्या शाळेनं सकाळीच सगळ्यांचे अर्ज एकगठ्ठा पाठवले होते, त्यात तिचा होता. क्लार्क म्हणाला, "सर, सकाळपासून माझ्यापुढं माणसं रडतायत, ड्युटी काढा म्हणून. तुम्ही नवराबायको ड्युटीवर जायला भांडताय होय? घरी ठरवा आणि उद्या एक कागद आणा."

मी तिचा अर्ज वाचू का, असं विचारलं. तो म्हणाला, तुमच्याच घरातला आहे.

चारच ओळी होत्या. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी फळ्यावर काढते तसं गोल, सुटं अक्षर. 'माझे वडील स्मृतिभ्रंशाने आजारी आहेत. ते माझ्या हातचे अन्न व औषध घेत नाहीत. माझे पती त्यांना सांभाळू शकतात, मी सांभाळू शकत नाही. तरी माझा आदेश कायम ठेवून पतींचा रद्द करावा, ही विनंती.'

'मी सांभाळू शकत नाही.' हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. सरकारला सांगितलं होतं. मागच्या माणसानं खांद्याला हात लावला तेव्हा बाजूला झालो.

संध्याकाळी अण्णांना झोपवल्यावर मी दोन्ही अर्जांचं सांगितलं. मला वाटलं होतं ती हसेल, किंवा चिडेल. ती खुर्ची ओढून बसली आणि सपाट आवाजात सांगायला लागली. गेलं वर्षभर ते मला ओळखत नाहीत हे तुम्हाला माहीत आहे. पण नुसतं ओळखत नाहीत असं नाही, मला ते चोर समजतात. या घरात घुसलेली कुणीतरी बाई. वाटीत काय घातलंस, हे विचारतात. जवळ गेले तर ताट भिरकावतात. मी पान वाढून टेबलावर ठेवते आणि गॅलरीत जाऊन दार लावून कडेला उभी राहते. मी दिसले नाही की जेवतात. गोळी मी भातात कुस्करून घालते. तुम्ही यायच्या आधी फरशी पुसून घेते.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, सांगून काय झालं असतं? तुमच्या सकाळी तशाच राहिल्या असत्या आणि माझ्या दुपारी तशाच. आणि वडील माझे आहेत. तुमच्यापुढं कुठल्या तोंडानं म्हणणार होते, की मला नको झालंय?

मग मीही कबूल केलं. तुझ्यासाठी वगैरे काही नाही, मलाच जायचं होतं, इथून सुटायचं होतं. ती म्हणाली, ते माहीत आहे. इतकं साधं म्हणाली की मला काही लपवण्यासारखं उरलंच नाही.

मग ती म्हणाली, "रोज दुपारी मला कोण तू म्हणून विचारतात. दोन दिवस मी टेबलाशी बसेन आणि लोकांना त्यांचं नाव विचारेन. मला जाऊ द्या."

मी माझा अर्ज फाडला. त्यात औदार्य काहीही नव्हतं. आत कुठंतरी माझे वीस मार्ग गेल्याची चुटपुट होतीच, आणि त्या चुटपुटीची शरमही वाटत होती.

माझा आदेश रद्द झाला आणि तिला हरसूलकडचं केंद्र मिळालं, डोंगरातलं. प्रशिक्षणाला दोनदा गेली, तेव्हा मी रजा टाकल्या. निघायच्या दिवशी एक जुनी बॅग, टॉर्च, बिस्किटं, ओढणीत गुंडाळलेली उशी. अण्णांच्या पाया पडायला वाकली तर त्यांनी पाय मागं घेतले. ती तशीच उठली आणि रिक्षात बसली. मी वरून हात केला, तिनं वर पाहिलं नाही.

मतदानाच्या दिवशी मला मत द्यायला जायचं होतं, आणि अण्णांना घरी ठेवता येत नव्हतं, म्हणून त्यांना घेऊन गेलो. आमचं केंद्र कॉलनीतल्या शाळेत, चालत पाच मिनिटं. आम्हाला वीस लागली. दारात पोलीस दिसताच अण्णा थांबले, मान ताठ केली आणि दोन्ही हात वर केले. रांगेतली दोन पोरं हसली. पोलीस तरुण होता, तो गोंधळला. मी हळूच त्याला म्हणालो, नुसता हात फिरवल्यासारखं करा. त्यानं केलं, अगदी व्यवस्थित, खांद्यापासून कमरेपर्यंत. अण्णांनी हात खाली घेतले आणि समाधानानं आत आले. पोलिसानं त्यांना भिंतीकडंची खुर्ची दिली.

टेबलाशी एक बाई बसल्या होत्या, शाई लावायला. माझ्या बायकोच्याच वयाच्या, तसाच चष्मा. अण्णा त्यांच्याकडं एकटक बघत होते. मी मत देऊन परत आलो तर ते खुर्चीतून उठायला तयार होईनात.

"साहेब," ते म्हणाले, "ही ती नाही. ती बाई कुठाय?"

मी विचारलं, कोण बाई? ते चिडले. मला इतकंही कळत नाही याचा त्यांना राग आला असावा. म्हणाले, दुपारची. काचेच्या दाराआड उभी असते ती.

मी म्हणालो, ड्युटीवर गेली आहे, उद्या येईल. ड्युटी हा शब्द त्यांना पटला. उठले. पण घरी आल्यावर ते गॅलरीच्या दाराशी गेले, बाहेर पाहिलं, आणि दुपारी पान वाढल्यावर मी समोर असूनही जेवले नाहीत. साहेबांनी सांगितलं तरी जेवले नाहीत. ती नाही, असं म्हणाले आणि दाराकडं तोंड करून बसून राहिले. मी शेवटी आंघोळीच्या पंच्यानं डोळे पुसले. मला रडू कशाचं येत होतं, त्यांचं, तिचं की स्वतःचं, हे मला तेव्हा वेगळं करता आलं नाही.

तिचा फोन रात्री आला. यंत्रं जमा करायला उशीर झालाय, शहरात एका सहकारी बाईंकडं थांबते, सकाळी येते. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमाराला मी अण्णांची दाढी करायला त्यांना खिडकीशी बसवलं, तर खाली रिक्षा थांबलेली. ती उतरली, पैसे दिले. रिक्षा गेली. आणि ती वर येण्याऐवजी पार्किंगशेजारच्या बाकावर बसली. बॅग मांडीवर, चपला काढलेल्या, पाय समोरच्या कठड्यावर. दूधवाल्यानं काहीतरी विचारलं, तिनं मान हलवली.

मी तिला हाक मारू शकलो असतो. अण्णा तिला शोधत आहेत, ही बातमी माझ्यापाशी होती आणि ती तिला सांगायची मला घाई झाली होती. पण ती तिथं बसली होती तशी मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. कुणाचीच वाट न बघता. मी दाढीचं पाणी बदललं. एक गाल झाला, दुसरा झाला. ती बसूनच होती. मी अण्णांच्या मिशाही सारख्या केल्या, ज्या एरवी करत नाही.

वीसेक मिनिटांनी बेल वाजली. ती आत आली तेव्हा तिच्या बोटाला शाई होती आणि चेहरा उन्हानं रापलेला होता. म्हणाली, केंद्राच्या गावात ज्या अंगणवाडीच्या बाईकडं राहिलो तिनं अंथरूण घालून दिलं आणि म्हणाली, लय दमल्या ताई, निजा आता, मी हाय इथं.

मी म्हणालो, "अण्णांनी काल तुझ्याबद्दल विचारलं. दोन-तीनदा. दुपारी जेवलेही नाहीत."

तिनं विचारलं, "नावानं?"

मार्क द्यावेत की कापावेत, असा क्षण माझ्यावर रोज येतो. पण खोटं सांगावं की खरं, हे ठरवायला मला इतका वेळ कधीच लागला नव्हता. मी म्हणालो, "नाही. दुपारची बाई म्हणून. दाराआड उभी असते ती."

तिनं बॅग खाली ठेवली. आतल्या खोलीत अण्णा साबणाचा वास घेत बसले होते, तिकडं ती बघत राहिली.

"मला वाटत होतं, मी दिसत नाही त्यांना तिथून," ती म्हणाली.